बातमीवर हसलो, करमणुकीवर हसायचे राहून गेले

एखाद्या काळाचा इतिहास लिहिताना त्या काळाची थट्टामस्करी पुरावा म्हणून घ्यावी का, हा प्रश्न इतिहासाच्या वाचकांना नवा नाही. लावणीतला टोमणा, वर्तमानपत्रातले व्यंगचित्र, तमाशातली बतावणी यांना आपण साधन मानतो, आणि ते योग्यच आहे. मग पंचवीस वर्षांपूर्वीचा एक आपटलेला हिंदी चित्रपट साधन का मानू नये?

आजचा धागा ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ या चित्रपटावर आहे. दिग्दर्शक अझीझ मिर्झा. निर्माते शाहरुख खान, जुही चावला आणि स्वतः मिर्झा यांची ‘ड्रीम्ज अनलिमिटेड’ ही नवी संस्था, आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. प्रदर्शनाची तारीख २१ जानेवारी २०००. आदल्याच शुक्रवारी ‘कहो ना... प्यार है’ आला होता आणि सारा देश हृतिक रोशनच्या मागे धावत होता. त्या धावपळीत हा चित्रपट वाहून गेला. पुढे त्याची आठवण निघाली ती ‘शाहरुखच्या अपयशांची यादी’ या सदराखालीच.

माझे म्हणणे निराळे आहे. खाजगी दूरचित्रवाणीवर हिंदी पडद्याने केलेल्या पहिल्या मोठ्या हल्ल्यांत त्याची गणना व्हावी. हल्ला करणारी माणसे दूरदर्शनच्या सुवर्णकाळातली होती, म्हणून त्या हल्ल्याला साक्षीचे मोल आहे. पण नेम चुकला. आणि तेव्हा जे लक्ष्य हुकले, त्यावर आजवर कोणी धड नेम धरलेला नाही. हे असे का झाले, याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात दडले आहे असे मला वाटते.

आधी थोडा कालक्रम पाहू.

मुंबई दूरदर्शन केंद्र वरळीहून सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. झी टीव्ही सुरू झाला २ ऑक्टोबर १९९२ रोजी. मध्ये नेमकी वीस वर्षे, आणि तारीखही तीच, गांधीजयंतीची. या वीस वर्षांत मुंबईकराला वाहिनी निवडण्याचा प्रसंग क्वचितच आला. लावायचे ते दूरदर्शन, एवढेच ठाऊक. १९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटले, सीएनएनची थेट चित्रे उपग्रहावरून येऊ लागली आणि गच्चीवर मोठी तबकडी उभारून घरोघरी तार ओढणारा एक नवा व्यावसायिक शहरात जन्मला. आपण त्याला ‘केबलवाला’ म्हणू लागलो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील सोसायट्यांमधून, गुलमोहराच्या फांद्यांवरून, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून जाणाऱ्या त्या काळ्या तारा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. या तारांना परवाना देणारा केबल कायदा आला १९९५ साली. तारा आधी आल्या, कायदा मागून आला.

झीचे संस्थापक सुभाषचंद्र यांचा करमणुकीच्या व्यवसायातील याआधीचा गाजलेला प्रयोग म्हणजे बोरिवलीजवळच्या गोराईचे ‘एस्सेल वर्ल्ड’, सन १९८९. खाडी ओलांडून, तिकीट काढून पाळण्यात बसायचे. तीन वर्षांनी पाळणा घरात आला आणि तिकिटाऐवजी महिन्याकाठी केबलवाल्याला पैसे द्यायचे ठरले. या दोन उद्योगांचा एकत्र विचार फारसा होत नाही. माझ्या दृष्टीने मात्र उपनगरी करमणुकीच्या इतिहासाची ती दोन लागोपाठची पाने आहेत.

आता माणसांकडे वळू. कुंदन शाह, सईद मिर्झा आणि त्यांचे बंधू अझीझ मिर्झा ही ‘इस्क्रा’ या संस्थेभोवतीची मंडळी. ‘इस्क्रा’ म्हणजे ठिणगी. लेनिनच्या वर्तमानपत्राचे हे नाव. या गटाने दूरदर्शनला ‘नुक्कड’ (१९८६) दिली, ‘सर्कस’ (१९८९) दिली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला देह मिळाला तो कुंदन शाहांच्या ‘वागळे की दुनिया’ (१९८८) या मालिकेत. ‘सर्कस’मध्ये शाहरुख खान होता, आणि आपल्या रेणुका शहाणे व आशुतोष गोवारीकरही होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर बसलेला सायकल दुरुस्त करणारा, दारुडा, भिकारी, कारकून यांच्याकडे कॅमेरा रोखून ठेवणारी ही माणसे. त्यांच्या मालिका बहुधा तेरा-तेरा भागांच्या हप्त्यांनी मंजूर होत. गोष्टीला शेवट असे. हे तेरा भागांचे गणित ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९९२ साली अझीझ मिर्झांनी ‘राजू बन गया जंटलमन’ काढला, १९९७ साली ‘येस बॉस’. दोहोंचा सांगाडा एकच: साधा मुलगा, झगमगती नोकरी, मोह, घसरण, आणि अखेर घरी परतणे. हा सांगाडा राज कपूरच्या ‘श्री ४२०’चा (१९५५) आहे हे उघडच दिसते, राजू हे नावही तिथलेच. आणि ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ हे शब्द तर त्याच चित्रपटातील शैलेंद्रच्या गीतातून उचललेले. मिर्झांच्या पहिल्या चित्रपटात मोह बांधकाम व्यवसायाचा होता, दुसऱ्यात जाहिरातीचा, तिसऱ्यात दूरचित्रवाणीचा. मुंबईत पैसा कुठून कुठे सरकत गेला याचा आलेखच जणू.

कथा थोडक्यात. दोन प्रतिस्पर्धी वाहिन्या, त्यांचे दोन तारे: अजय बक्षी (शाहरुख) आणि रिया बॅनर्जी (जुही). वाहिन्यांच्या मालकांत सतीश शाह आणि दलीप ताहिल. बातमी पळवणे, बातमी फुगवणे, नसली तर घडवणे, हा यांचा दिनक्रम. अशात मोहन जोशी नावाचा माणूस (परेश रावल) एका बड्या माणसाचा खून करतो. राजकारण्यांच्या सोयीसाठी तो दहशतवादी ठरतो, फाशीची शिक्षा होते. वास्तविक तो मुलीवर झालेल्या अत्याचाराने पेटलेला बाप आहे. मग ठरते की फाशी थेट प्रक्षेपित करायची. वाहिन्या खूश, राजकारणी खूश, जाहिरातदारही खूश.

चित्रपटाची शैली अतिरंजित आहे. जॉनी लिव्हरचा भाई, भडक रंग, ठणठणीत ओरडणारे मालक, भर रस्त्यात नाचणारा वार्ताहर. त्या वेळी समीक्षकांना हे खटकले. मला ते बरोबर वाटते. दूरचित्रवाणीचा आवाजच इतका चढलेला होता की तिची नक्कल हलक्या आवाजात करता आली नसती. प्रहसनाला मोजूनमापून बोलणे मानवत नाही, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही.

थोडे विषयांतर. मोहन जोशी हे नाव. सईद मिर्झांचा ‘मोहन जोशी हाजिर हो!’ (१९८४) पाहिलेल्याला ते ऐकताच कान टवकारावे लागतात. (मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ नट मोहन जोशी यांचा याच्याशी संबंध नाही.) त्या चित्रपटात भीष्म साहनींनी साकारलेला मोहन जोशी मोडकळीस आलेल्या चाळीसाठी घरमालकाविरुद्ध कोर्टात झगडतो, आणि शीर्षक म्हणजे कोर्टातल्या पट्टेवाल्याची आरोळी. एका भावाचा मोहन जोशी १९८४ साली कोर्टापुढे हाजिर झाला, दुसऱ्या भावाचा मोहन जोशी २००० साली कॅमेऱ्यापुढे. हा योगायोग आहे असे मी मानत नाही. सोळा वर्षांत सामान्य माणसाला पुकारणारी संस्था बदलली, ही नोंद मिर्झा बंधूंच्या घरातच झाली.

शेवट मात्र ढासळतो. नायक-नायिकेला उपरती होते, सत्य पडद्यावर झळकते, लोक तिरंगे घेऊन रस्त्यावर उतरतात, फाशी टळते. म्हणजे दोषी कोण? मालक, राजकारणी, भाई. प्रेक्षक निर्दोष, त्याला फक्त खरे सांगायचा अवकाश. हा निष्कर्ष ‘नुक्कड’वाल्यांच्या स्वभावाला धरून होता. कोपऱ्यावरच्या माणसावर त्यांचा अढळ विश्वास. पण इतिहासाने तो विश्वास सहा महिन्यांतच उताणा पाडला.

३ जुलै २०००. स्टार प्लसवर एकाच दिवशी दोन कार्यक्रम सुरू झाले, ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. पहिल्याचा मंच गोरेगावच्या चित्रनगरीत. दुसरी मालिका अंधेरीतल्या बालाजी टेलिफिल्म्सची. चित्रनगरी राज्य शासनाने १९७७ साली उभारली होती ती चित्रपटांसाठी. आता तिथली चित्रीकरणगृहे दूरचित्रवाणीने भरू लागली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत दिवाणखाने उभे राहिले, ज्यांत कोणी राहत नव्हते पण रोज रात्री कोट्यवधी घरांत ते उघडत होते. करोडपतीचा पहिला कोट्यधीश त्याच वर्षी ठरला, मुंबईचा मराठी तरुण हर्षवर्धन नवाथे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा एका रात्रीत देशाला ठाऊक झाला. मराठी मध्यमवर्गाने पाठांतराला दिलेला मान असा रोखीत वटलेला त्याआधी कोणी पाहिला नव्हता. त्या काळात घराघरांत सामान्यज्ञानाची पुस्तके आली. आई-बापांनी दूरचित्रवाणीला ‘मूर्ख पेटी’ म्हणणे काही दिवस बंद केले.

आणि ‘क्योंकि’मध्ये मिहीर मेला. प्रेक्षक हळहळले, संतापले, मग मिहीर जिवंत झाला. तेरा भागांच्या गोष्टीत मेलेला माणूस परत येत नाही, कारण गोष्ट त्याच्या मरणाच्या दिशेनेच चाललेली असते. आठवड्याला चार-पाच भाग, वर्षानुवर्षे, अशा गोष्टीला दिशा नसते. तिला फक्त उद्या रात्रीचा भाग असतो. म्हणून तिथे मरणही कायमचे नसते.

अझीझ मिर्झांनी बातमीवर तोफ डागली तेव्हा खरा बदल हा असा करमणुकीच्या वाटेने येत होता. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्यांना हे दिसणे कठीण होते. १९९८ पासून एनडीटीव्हीच्या सहकार्याने चालणारे स्टार न्यूज, १९९९च्या उन्हाळ्यातले कारगिल, आणि चित्रपट येण्याच्या तीनच आठवडे आधी संपलेले कंदाहारचे विमान अपहरण, अशा वातावरणात जो कोणी दूरचित्रवाणीवर लिहील तो बातमीवरच लिहील. ‘आज तक’ ही चोवीस तासांची वाहिनी तर अजून यायची होती. ती आली ३१ डिसेंबर २००० रोजी. म्हणजे बातमीच्या बाबतीत चित्रपट काळाच्या पुढेच होता. किती पुढे, याचा पुरावा चार वर्षांनी मिळाला. १४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात धनंजय चॅटर्जी याला फाशी देण्यात आली. त्याआधीचे कित्येक दिवस फाशी देणारे नाटा मल्लिक वाहिन्यांवर झळकत होते. दोर कसा निवडतात, गाठ कशी मारतात, याच्या मुलाखती चालल्या. चार वर्षांपूर्वी जी अतिशयोक्ती म्हणून समीक्षकांनी झटकली, ती निम्मी-अधिक खरी झाली. तुरुंगाबाहेर तिरंगे घेऊन कोणी दूरचित्रवाणीला जाब विचारायला आले नाही. लोक घरी बसून पाहत होते.

दहा वर्षांनी, १३ ऑगस्ट २०१० रोजी, ‘पीपली लाइव्ह’ आला. दिग्दर्शिका अनुषा रिझवी स्वतः वृत्तवाहिनीतून आलेल्या. आत्महत्या जाहीर केलेल्या नत्थाच्या दारात ओबी व्हॅनचा तळ पडतो. हा चित्रपट अधिक नेमका, अधिक कडू, आणि त्याच्या शेवटी झेंडे नाहीत. पण लक्ष्य पुन्हा बातमीच. या दोन चित्रपटांच्या मधोमध, २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याचे थेट प्रक्षेपण घडले, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या कसाब निकालपत्रात कठोर ताशेरे ओढले. बातमीवर हसण्याचे, रडण्याचे, तिला जाब विचारण्याचे काम आपण थोडेफार केले. करमणुकीला मात्र कोणी हात लावला नाही.

असा हात लावता येतो का? येतो. त्यासाठी जर्मनीतले एक उदाहरण पाहू.

जर्मनीत खाजगी दूरचित्रवाणी सुरू झाली १९८४च्या जानेवारीत. नऊ वर्षांनी, १९९३ साली, हापे केर्केलिंग या विनोदी नटाने ‘काइन पार्डोन’ (अर्थ: गय नाही) नावाचा चित्रपट काढला. आपल्याकडे झी ते ‘फिर भी’ हे अंतर सुमारे सव्वासात वर्षांचे. म्हणजे दोन्हीकडे समाजाला हसू फुटायला साधारण तेवढाच अवधी लागला. बोट्रोप या खाणकामगारांच्या गावातला पेटर हा बावळट मुलगा. घरचा धंदा पावाचे तुकडे सजवून पोहोचवण्याचा. त्याला लहानपणापासून एकच वेड, शनिवार रात्रीच्या भव्य करमणूक कार्यक्रमाचे आणि त्याच्या सूत्रसंचालकाचे. तो तिथे पोहोचतो, तारा ओढायच्या कामाला लागतो आणि त्याला कळते की पडद्यावर मायेने हसणारा तो गृहस्थ मंचामागे जुलमी, तिरसट, भयंकर माणूस आहे. पुढे पेटरच त्याच्या जागी बसतो, आणि हळूहळू तसाच होतो.

सांगाडा ओळखीचा वाटला? राजू, जंटलमन, बॉस, मोह, घसरण. बोट्रोपचा पेटर आणि अझीझ मिर्झांचे नायक सख्खे भाऊ शोभतील. फरक एकाच ठिकाणी आहे, आणि तो फार मोठा आहे. त्या जुलमी सूत्रसंचालकाची भूमिका केली हाइन्झ शेंक यांनी. हे शेंक १९६६ ते १९८७ अशी एकवीस वर्षे जर्मन सार्वजनिक दूरचित्रवाणीवर एक अतिशय लोकप्रिय, गाण्याबजावण्याचा, घरगुती करमणुकीचा कार्यक्रम चालवत होते. म्हणजे ज्या माणसावर घराघरांतल्या आजीने जीव लावला, त्यानेच सत्तरीच्या उंबरठ्यावर येऊन स्वतःच्या प्रतिमेला चूड लावली. पडद्यावर अतिरेकी विनोद चालू असताना प्रेक्षकाला सतत जाणवत राहते की हा खरा तोच माणूस आहे.

(आणखी मागे जायचे तर १९७० सालचा ‘दास मिलिओनेनश्पील’ हा जर्मन दूरचित्रवाणीपट आहे: दहा लाख मार्कांसाठी एका माणसाच्या मागे मारेकरी सोडणारा खेळ, जणू खरोखर थेट चाललेला. तो पाहून काही प्रेक्षकांनी स्पर्धक म्हणून, तर काहींनी मारेकरी म्हणून नाव नोंदवण्याची इच्छा कळवली. प्रेक्षक निर्दोष असतो या समजुतीबद्दल आणखी काही बोलायला नको.)

आपल्याकडे हाइन्झ शेंक का झाला नाही?

पहिले कारण नात्याचे. आपला सूत्रसंचालक पाहुणा राहत नाही, तो नातलग होतो. ‘होम मिनिस्टर’ २००४ साली सुरू झाले आणि आदेश बांदेकर महाराष्ट्राचे भावोजी झाले. दारात येऊन, चहा घेऊन, पैठणी देऊन जाणारा भावोजी. कार्यक्रम २०२२ पर्यंत चालला, इतकी वर्षे तो उंबरठा ओलांडला गेला. त्या कार्यक्रमाने घरकामात पिचलेल्या बाईला अर्धा तास का होईना मखरात बसवले, हे मी मोलाचे मानतो. पण भावोजींची टिंगल वहिनीने घरात करायची, पडद्यावर चारचौघांत करायची नाही, हा आपला रिवाज. अमिताभ बच्चन यांच्यासमोर खुर्चीत बसण्याआधी पायाला हात लावणारे स्पर्धक आठवून पाहा. ज्याच्या पाया पडलो त्याला सोंग म्हणून कसे उभे करणार?

दुसरे कारण पोटाचे, आणि माझ्या मते खरे कारण हेच. बोट्रोपपासून शनिवार रात्रीचा मंच दूर होता. आपल्याकडे जो व्यंग लिहू शकतो, तो आणि ज्याच्यावर लिहायचे, तो एकाच लिंक रोडवर राहतात. मालिकेचा लेखक, चित्रपटाचा लेखक, नाटकाचा नट, वाहिनीचा अधिकारी, सगळे अंधेरी, गोरेगाव, मालाडच्या त्याच उपाहारगृहांत भेटतात. दिवसा बारा तास मालिकेचे चित्रीकरण करून रात्री शिवाजी मंदिरला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात प्रयोग करणारे कलावंत मराठीत शेकड्यांनी आहेत. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात गर्दी खेचायची तर जाहिरातीत मालिकेतले नाव छापावे लागते. आणि मराठी चित्रपटाचे अर्थकारण वाहिनीला विकलेल्या प्रक्षेपण हक्कांवर टेकलेले. ज्या हातातून मानधन घ्यायचे तोच हात चावायचा?

इथे कोणी म्हणेल, तमाशातला सोंगाड्या हेच तर करत होता. समोर पाटील बसलेला, सुपारी त्याने दिलेली, आणि सोंगाड्या त्याच्याच पागोट्यावर कोटी करतो आहे. खरे आहे. परंतु सोंगाड्याला उद्या दुसऱ्या गावची जत्रा होती, परवा तिसऱ्या. पाटील अनेक होते. मराठी कलावंतासमोर वाहिन्या मोजून पाच-सहा.

सोंगाड्या मेला मात्र नाही. तो वाहिनीच्या आत गेला. अंधेरी पट्ट्यातल्याच गुजराती मंडळींनी, आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांनी, २००२ साली ‘खिचडी’ आणली, ती ‘क्योंकि’च्या स्टार प्लसवरच. वाडा आहे, एकत्र कुटुंब आहे, सासरा आहे, सुना आहेत. फक्त सगळे ठार मूर्ख आहेत आणि म्हातारा वाडा विकत नाही म्हणून सगळे खोळंबले आहेत. सासू-सुनांच्या मालिकेवर याहून नेमके व्यंग मला आठवत नाही. दोन वर्षांनी त्याच संस्थेची ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आली, तिच्यात पुन्हा सतीश शाह. १९८३च्या ‘जाने भी दो यारों’मधले प्रेत, १९८४च्या ‘ये जो है जिंदगी’मधली दर भागाला नवी सोंगे, २०००च्या ‘फिर भी’मधला वाहिनीमालक आणि २००४चा इंद्रवदन. भारतीय दूरचित्रवाणीचा इतिहास एका माणसाच्या चेहऱ्यावरून शिकवायचा असेल तर मी हा चेहरा निवडीन.

मराठीत २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ आले. चित्रपटांची, मालिकांची विडंबने, तीही त्याच कलावंतांना समोर बसवून. भाऊ कदम, सागर कारंडे, श्रेया बुगडे, कुशल बद्रिके यांची ताकद मी नाकारत नाही; मराठी प्रहसनाची नाळ त्यांनी तुटू दिली नाही. तरी व्यवहार नीट पाहावा. ज्या चित्रपटाचे विडंबन होते, त्याचे कलावंत आपल्या प्रदर्शनाची तारीख सांगायला आलेले असतात. विडंबन हा जाहिरातीचाच भाग होतो. समोर बसलेला नट पोट धरून हसतो, आणि आपण म्हणतो, काय दिलदार! हाइन्झ शेंकही हसला होता, पण त्याच्या हसण्यात त्याचे काहीतरी खर्ची पडले होते.

यावर एक आक्षेप संभवतो: करमणूक ती करमणूक, बातमी खोटी निघाली तर समाजाचे नुकसान, मालिका वाईट निघाली तर कोणाचे काय बिघडते? मला हे पटत नाही. बातमी दिवसातून थोडा वेळ पाहिली जाते, आणि संशयाने पाहिली जाते. मालिका जेवताना पाहिली जाते. सून कशी बोलते, मंगळसूत्र केवढे असते, कटकारस्थान हा बायकांचा उपजत धंदा आहे, गरीब माणूस मंचावर आला की आधी त्याची दुःखद चित्रफीत दाखवायची असते, हे सारे आपण वरण-भाताबरोबर गिळले. यावर पडदाभर, निर्दय, अतिरेकी असे हसणे झाले असते तर ते मालिकेच्या जागी दुसरी मालिका आणून मिळणाऱ्या सुधारणेहून अधिक उपयोगी पडले असते.

शिवाय बातमी आणि करमणूक यांची मोजपट्टी एकच आहे, टीआरपी. ‘फिर भी’मधल्या दोन वाहिन्या या आकड्यासाठी एकमेकींचे गळे धरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये या आकड्यांच्या कथित फेरफारीचा गुन्हा मुंबई पोलिसांनी खरोखर नोंदवला, तो उपनगरातल्याच कांदिवली पोलीस ठाण्यात. संशयाच्या घेऱ्यात बातमीच्या वाहिन्या होत्या आणि करमणुकीच्याही. २०२४ साली न्यायालयाच्या परवानगीने सरकारने खटला मागे घेतला. एवढा मसाला पुढ्यात असूनही त्यावर एखादे धमाल प्रहसन पडद्यावर आले नाही.

तेव्हा या धाग्याच्या वाचकांना एक सुचवतो. ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ पाहा, पण एकटा पाहू नका. आधी ‘वागळे की दुनिया’चा तो भाग पाहा, ज्यात तरुण शाहरुख खान गाडीने वागळेला धडक देतो. मग चित्रपट पाहा. आणि मग २०२१ साली सोनी सब वाहिनीवर आलेली नवी ‘वागळे की दुनिया’ पाहा. जुने वागळे दांपत्य, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, तिच्यातही आहेत, आता आजी-आजोबा म्हणून. निर्मिती ‘खिचडी’वाल्यांची. मालिका सालस आहे, वाईट मुळीच नाही. कुंदन शाहांच्या वागळेला १९८८ साली थोडक्या भागांत जे सांगायचे ते सांगावे लागले होते. नव्या वागळ्यांचे भाग हजाराच्या पुढे गेले.